चकाकीची जाडी

वडिलांची काळी प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली ती मूळ रंगातच. १९७९ सालची गाडी, पण त्यांनी ती कधी पुन्हा रंगवून घेतली नव्हती. दिवसा तिच्यात काही खोट दिसत नसे. रात्री सोसायटीच्या दिव्याखाली उभी केली की मात्र बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे उमटत. एका गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतले. गाडी आरशासारखी होऊन परत आली. चार-पाच वेळा धुतल्यावर वर्तुळेही परत आली. आणि बॉनेटच्या कडेवर, जिथे पूर्वी काळा रंग होता, तिथे करड्या प्रायमरची बोटभर रेघ उघडी पडलेली दिसली. वर्तुळे परत आली, रंग काही परत येणार नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच हाताने, एकाच दुपारी कशा घडल्या असतील, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी वाचायला बसलो, आणि मोटारीच्या रंगापासून थेट न्यूटनपर्यंत जाऊन पोहोचलो.

आधी त्या वर्तुळांविषयी. त्यांना मोटारवाले ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात, पण खरे पाहता तिथे वर्तुळ नसतेच. फडक्यात अडकलेल्या धुळीच्या कणांनी ओढलेले सरळ-वाकडे, सगळ्या दिशांचे ओरखडे असतात. त्यांतले जे ओरखडे दिव्याच्या प्रतिबिंबाला आडवे पडतात तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश फेकतात, बाकीचे अंधारात राहतात. आडव्या रेघांचे ते तुकडे मिळून प्रतिबिंबाभोवती कडे तयार होते. पडताळा घरीच घेता येईल. काथ्याने घासलेले स्टीलचे ताट बल्बखाली धरा आणि हलवा. वर्तुळाचा मध्य ताटावर स्थिर राहत नाही, बल्बच्या प्रतिबिंबामागून फिरतो. पानगळ झालेल्या झाडाआडून रस्त्यावरचा दिवा पाहिला तर फांद्यांचीही अशीच कडी दिसतात. पांढऱ्या गाडीवर ओरखडे तितकेच असतात, पण रंगातून परतणाऱ्या भरपूर उजेडात ते बुडून जातात. काळ्या गाडीला ती सोय नाही.

हे ओरखडे येतात कुठून? बहुतेक रोजच्या पुसण्यातून. आपल्या शहरांत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन दहा-बारा गाड्या पुसणारा माणूस असतो. धुळीतला वाळूचा कण म्हणजे गारगोटी, मोटारीच्या रंगाहून कितीतरी कठीण. पहिल्या गाडीची धूळ बादलीच्या तळाशी, तिथून फडक्यात, फडक्यातून दहाव्या गाडीवर. त्या माणसाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. पाणी मोजून आणि पैसे महिन्याला, या हिशेबात तो दुसरे काय करणार?

घासण्या-उजळण्याच्या या उद्योगात आपल्याकडचे शब्द दूरवर गेलेले आहेत. संस्कृतात ‘कुरुविंद’, तमिळमध्ये ‘कुरुंदम्’ असलेला दगड इंग्रजीत ‘कोरंडम’ झाला. रसायनशास्त्राच्या भाषेत तो ॲल्युमिनियम ऑक्साइड. आजच्या बहुतेक पॉलिशच्या डब्यांत याच द्रव्याची कारखान्यात केलेली भुकटी असते. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचिसनला विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ सापडला. तो कार्बन आणि कोरंडमचा संयोग असावा अशा समजुतीने त्याने त्याचे नाव ‘कार्बोरंडम’ ठेवले. समजूत चुकीची होती, पण नाव टिकले आणि आपल्या धारवाल्यांच्या तोंडी येऊन बसले. ‘लॅकर’ या शब्दाच्या मुळाशी आपली लाख आहे. उलट दिशेने आलेले शब्दही आहेत. शस्त्रांना पाणी चढवणारा शिकलगार आणि वस्तूवरची झिलई, दोन्ही अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले. मराठीने ‘घासणे’ आणि ‘घोटणे’ यांत फरक ठेवला आहे. घासताना पृष्ठभागाचा अंश जातो. कागद गुळगुळीत दगडाने घोटला तर काही जात नाही, जे आहे तेच दाबून सपाट होते. हा भेद विज्ञानात बरीच वर्षे वादाचा विषय होता.

१७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये न्यूटनने पॉलिश म्हणजे काय याचे उत्तर दिले आहे. त्याने दुर्बिणीचे आरसे स्वतः, डांबरासारख्या राळेवर कथिलाची भुकटी घालून घासले होते. त्याचे म्हणणे असे की पॉलिश म्हणजे घासणेच, फक्त ओरखडे इतके बारीक की डोळ्याला दिसू नयेत. १९०१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच विषयावर व्याख्यान दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना काही वेगळेच दिसले होते. खरबरीत काचेवर पॉलिश सुरू होताच उंचवट्यांचे माथे एकदम पूर्ण गुळगुळीत होतात, खड्डे तसेच राहतात, आणि माथे पसरत जाऊन खड्डे संपले की काम पुरे होते. पुढे जॉर्ज बिल्बी यांनी तिसरी बाजू मांडली. धातूला पॉलिश करताना वरचा अतिशय पातळ थर वाहतो आणि ओरखड्यांवर कातड्यासारखा पसरतो, असे ते म्हणत. त्यांचा पुरावा मोठा बोलका होता. चकचकीत धातूवर आम्ल सोडले की वरचे कातडे विरघळे आणि पुसले गेले असे वाटलेले ओरखडे खालून पुन्हा वर येत. १९३७ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी पृष्ठभाग घर्षणाच्या उष्णतेने क्षणभर वितळतो असे प्रयोगांनी दाखवले. धातूंपुरते बोलायचे तर नंतरच्या संशोधनाचे पारडे पुन्हा न्यूटनकडे झुकले: पॉलिश म्हणजे मुख्यतः अतिसूक्ष्म कापणेच.

बिल्बींविषयी वाचताना मला माझे बॉनेट आठवले. स्वस्तातल्या पॉलिशमध्ये तेल आणि मेण भरपूर असते. ते ओरखड्यांत भरून बसते, कडा बुजतात, गाडी चमकते. मग साबणाचे पाणी पडते. म्हणजे वर्तुळे परत आली ती भरणीमुळे, आणि कडेचा रंग गेला तो कापण्यामुळे. एकाच दुपारी दोन्ही झाले होते, फक्त नको त्या ठिकाणी.

मोटारीच्या रंगाचा इतिहास एका दृष्टीने या घासण्याचे ओझे कोणी वाहायचे याचाच इतिहास आहे. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत. तेलाच्या रंगाचे आणि व्हार्निशचे हात एकावर एक, प्रत्येक हात वाळायची वाट आणि मध्ये समुद्रफेसासारख्या हलक्या प्युमिस दगडाने घासणे. यात आठवडे जात. हेन्री फोर्डने यातून सुटका करून घेतली ती भट्टीत भाजून लवकर वाळणाऱ्या काळ्या रंगाने. १९१४ पासून दहाएक वर्षे त्याची मॉडेल टी काळीच मिळे. १९२४ च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ड्यू पाँ कंपनीचे ‘ड्युको’ हे निळे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. फवारले की ते काही तासांत वाळे. पुण्या-मुंबईचे सुतार आजही कपाटाला ‘ड्युको’ मारतात तो शब्द इथला. पण ड्युको वाळल्यावर मंद दिसे. त्याला चमक आणायची तर वरून घासावेच लागे. वाळण्याची वाट पाहण्याचे आठवडे वाचले, घासणाऱ्यांची रांग मात्र कारखान्यात उभी राहिली. याच काळात अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने रंगकामातली धूळ बसवण्यासाठी पाण्यात भिजवून वापरायचा कागद काढला (१९२१), आणि दुरंगी मोटारींच्या रेघा नीट याव्यात म्हणून चिकटपट्टी. आपला ‘पाणीपेपर’ तो हाच.

पुढे भट्टीत वाळतानाच चमकणारे रंग आले आणि कारखान्यातली रांग ओसरली. मग १९७० च्या दशकात युरोपात आणि पुढच्या दशकात सर्वत्र रंगाचे दोन थर झाले: खाली रंग, वर पारदर्शक ‘क्लियर कोट’. रुपेरी रंगांतल्या ॲल्युमिनियमच्या कणांना उन्हापावसापासून जपायला तो हवाच होता. कारखान्याचे काम इथे संपले आणि चकाकी सांभाळण्याचे काम मालकाकडे आले. क्लियर कोटची जाडी साधारण ४० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. उन्हाला अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा थर उतरवायचा. एका वेळेला दोन-तीन मायक्रॉन गेले तरी पुढच्या वेळेसाठी तेवढे कमी उरतात.

यंत्रांचीही गोष्ट यालाच जोडलेली. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीने १९५४ मध्ये अँगल ग्राइंडर आणला. तो इतका रुळला की जर्मन भाषेत कापण्या-घासण्याला ‘फ्लेक्सन’ असे क्रियापदच झाले. आपल्या गॅरेजांतले गोल फिरणारे बफिंग यंत्र त्याच कुळातले, कमी वेगाचे. ते एकाच मध्याभोवती फिरते, लवकर कापते आणि लवकर तापते. नवख्या हाती उन्हात रंगीत झाक मारणारे पट्टे मागे ठेवते. कडेवर तर धोका अधिक, कारण ओला रंग कडेपासून मागे सरकतो आणि तिथला थर मुळातच पातळ असतो. ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्रात गादी फिरते आणि तिचा मध्यही डोलतो. त्यामुळे कोणताही कण एका वाटेने फार वेळ चालत नाही. काम सावकाश होते, पण कुठे थांबायचे ते ठरवायला वेळ मिळतो.

मागच्या हिवाळ्यात मी पद्मिनी अशाच यंत्रावर काम करणाऱ्या एका तरुणाकडे नेली. त्याने आधी गाडी भरपूर पाण्याने धुतली, कडांना चिकटपट्टी लावली आणि जाडी मोजायचे यंत्र जागोजागी टेकवले. छतावर ११० मायक्रॉन, दारांवर ९०, बॉनेटच्या मध्यावर ६०. “काका, हिला क्लियर कोट नाही. गादी काळी होईल, घाबरू नका,” तो म्हणाला. खरेच काळी झाली. पांढऱ्या फोमवर वडिलांच्या गाडीचा रंग उतरताना पाहणे सोपे गेले नाही. छत आणि दारे त्याने पूर्ण केली. बॉनेटवर एकच हलका हात फिरवून पुन्हा मोजले आणि यंत्र बंद केले.

चालकाच्या दाराच्या मुठीखाली अंगठीने आणि किल्लीने पडलेले ओरखड्यांचे एक अर्धवर्तुळ आहे. “हे खोल आहे. काढू का? दहाएक मायक्रॉन जातील,” त्याने विचारले. मी नको म्हटले. त्याने चिकटपट्टीचा एक तुकडा तोडून त्या जागेवर लावला आणि तेवढा भाग सोडून बाकीचे दार पुसून घेतले.