फोनच्या डोळ्यावरची पट्टी : अवरक्त छायाचित्रणाचा इतिहास (धागा)

१/११
टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. अनेक फोनांत रिमोटच्या टोकाशी फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. तो ठिपका म्हणजे अवरक्त प्रकाश. आजचा धागा त्याच्या इतिहासाचा आणि माझ्या घरातल्या एका कागदाचा.

२/११
१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल सूर्यनिरीक्षणासाठी रंगीत काचा पारखत होते. प्रत्येक काचेतून उष्णता कमीअधिक जाणवे. कोणता रंग किती तापवतो हे पाहण्यासाठी त्यांनी लोलकातून ऊन पाडले आणि रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले. पारा सर्वाधिक चढला तो तांबड्याच्या पलीकडे, जिथे कोणताच रंग नव्हता.

३/११
या प्रकाशाची छायाचित्रे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० साली प्रसिद्ध केली. त्यांत आकाश काळेभोर होते आणि झाडे बर्फाने माखल्यासारखी पांढरी. जिवंत पान अवरक्त प्रकाश शोषत नाही, बराचसा परतवते. याला आजही ‘वुड परिणाम’ म्हणतात.

४/११
दुसऱ्या महायुद्धात हाच गुण लष्कराच्या कामी आला. हिरवा रंग फासलेले आच्छादन वरून झाडीत मिसळून जाई. पण सामान्य रंग पानांइतका अवरक्त प्रकाश परतवत नसे. कोडॅकने यासाठी खास फिल्म तयार केली. तिच्यात जिवंत झाडी लाल उमटे आणि खोटी हिरवळ वेगळी पडे.

५/११
पुढची पायरी रात्रीची. जर्मनीची ‘व्हँपिर’ आणि अमेरिकेची ‘स्नायपरस्कोप’ या बंदुकीवरच्या दुर्बिणींना अवरक्त दिवा जोडलेला असे. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत अमेरिकी सैनिकांनी ती वापरली. समोरच्याला दिवा दिसत नसे, दिव्यामागच्याला मात्र समोरचा दिसे. अंधाराचा आसरा तेव्हापासून सर्वांसाठी सारखा राहिला नाही.

६/११
याच किरणांनी इतिहासाचीही सेवा केली आहे. १९५० च्या दशकात जेरुसलेममध्ये नजीब अल्बिना या छायाचित्रकाराने मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्यांचे तुकडे अवरक्त फिल्मवर टिपले. काळवंडलेले चामडे त्यात उजळ झाले आणि काजळीच्या शाईची अक्षरे काळीच राहिली. डोळ्यांनी न लागणाऱ्या ओळी वाचता आल्या.

७/११
१९६९ साली बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी कल्पिली आणि छायाचित्रण सिलिकॉनकडे वळले. आपली नजर सुमारे ७०० नॅनोमीटरला थांबते, सिलिकॉन सुमारे ११०० पर्यंत पाहते. तसे पाहू दिले तर रंग बिघडतात. म्हणून संवेदकापुढे अवरक्त अडवणारी पातळ काच बसवतात. कॅमेरा आंधळा नाही. त्याच्या डोळ्यावर पट्टी आहे.

८/११
ती पट्टी सरकवली की काय होते? १९९८ साली सोनीच्या ‘नाइटशॉट’ कॅमकॉर्डरमधून दिवसा काही पातळ कपड्यांच्या आरपार दिसते अशी ओरड झाली आणि कंपनीला रचना बदलावी लागली. २०२० साली ‘वनप्लस ८ प्रो’च्या एका कॅमेऱ्याबाबत तसाच वाद झाला.

९/११
मी ही पट्टी स्वतः काढली, ती काच तडकलेल्या जुन्या फोनची. कॅमेऱ्याचे भिंग उचलून खालची, तिरपी धरली की लालसर चमकणारी काच सोडवली. दृश्य प्रकाश अडवायला धुतलेल्या रंगीत निगेटिव्हचे पूर्ण काळे टोक लावले. त्यातून अवरक्त आरपार जाते. उजेडासाठी जुना पिवळा बल्ब हवा, एलईडी दिवा जवळजवळ निरुपयोगी. फोकस सरकतो, तो हाताने अंतर बदलून साधावा लागतो.

१०/११
आजीच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद होता, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा. गळक्या कौलांमुळे त्याच्या मधोमध तपकिरी डाग पडलेला. फोनच्या पडद्यावर तो डाग फिका झाला आणि काजळीची अक्षरे वर आली. दीड ओळच लागली. आमच्या पाळीपुढे एका स्त्रीचे नाव होते, त्यापुढे ‘कोम’, म्हणजे अमुकाची बायको. घरच्या वंशावळीत ती बाई कुठेच नाही. आजीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “वहीत लिहून ठेव गं.”

११/११
करू पाहणाऱ्यांसाठी : हा कॅमेरा अंगाची उष्णता पाहत नाही, त्याला अवरक्त उजेड लागतोच. प्रखर अवरक्त दिव्याकडे रोखून पाहू नका. न दिसणाऱ्या उजेडाला बाहुली आकसत नाही. आणि तो माणसांवर रोखण्याआधी त्यांना विचारा. घरात जुने डागाळलेले कागद असतील तर ते मात्र रद्दीत देण्यापूर्वी एकदा त्याच्यासमोर धरा.