झाकणाला नाक, पडद्याला चोच

आज आपण प्लास्टिकच्या एका साध्या झाकणापासून सुरुवात करू. कुत्र्यांच्या ॲजिलिटीचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, शिक्षक असं झाकण जमिनीवर ठेवतात. कुत्र्याने त्याला नाक लावलं की क्लिकर टक् वाजतो आणि खाऊ मिळतो. याला टार्गेट ट्रेनिंग म्हणतात. आधी तळहाताला नाक, मग झाकणाला, आणि शेवटी ते झाकण उतरत्या फळीच्या पायथ्याशी जातं.

पायथ्याशीच का? १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधला रिकामा वेळ भरायला घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून हा खेळ बेतला गेला. १९८० मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याला मान्यताही दिली. त्यातल्या उंच फळीवरून उतरताना खालचा रंगवलेला, बहुधा पिवळा, पट्टा असतो. त्यावर पंजा पडलाच पाहिजे. भरधाव कुत्रा मात्र वरूनच झेप टाकतो. गुण जातात ते जाऊ द्या, पुढच्या पायांचे सांधे दुखावतात. म्हणून हा पट्टा.

पण ‘खाली थांब’ हे कुत्र्याला कळवायचं कसं? जुनी रीत पट्टा ओढण्याची. जर्मनीतल्या कोनराड मोस्ट यांच्या १९१० च्या पुस्तकात बक्षीस आहे, पण जबरदस्तीही भरपूर आहे. दुसरी वाट निघाली ती, आश्चर्य वाटेल, बॉम्बच्या कामातून.

दुसऱ्या महायुद्धात बी. एफ. स्किनर अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला एका पीठगिरणीच्या इमारतीत कबुतरं शिकवत होते. अस्त्राच्या टोकात कबुतर बसवायचं, समोरच्या पडद्यावर लक्ष्याचं चित्र, त्यावर ते चोच मारत राहील आणि अस्त्र तिकडे वळेल, अशी योजना. तिथेच १९४३ मध्ये, कामातून फुरसत असताना, त्यांनी एका कबुतराला लाकडी चेंडू ढकलायला शिकवलं. यंत्र नाही, हाताने, थोडं थोडं जमलं की दाणा. अस्त्राची योजना १९४४ मध्ये गुंडाळली गेली, रीत मात्र उरली. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४७ मध्ये त्यावर प्राणी शिकवण्याचा व्यवसायच काढला. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्यांनी ती उचलली, कारण डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा कुठे घालणार? हवाईत डॉल्फिन शिकवलेल्या कॅरन प्रायर यांचं १९८४ चं पुस्तक कुत्रेवाल्यांच्या हाती पडलं आणि नव्वदच्या दशकात क्लिकर घरोघरी गेला.

आता आमची अडचण. मारलं नाही, ओढलं नाही, एवढ्याने शिक्षण चांगलं ठरतं, असं आम्ही फार वर्षं मानत आलो. पण त्या कबुतरालाही कुणी मारत नव्हतं. ते आनंदाने चोच मारत होतं, आणि त्या चोचीच्या शेवटी त्याचा स्वतःचा मृत्यू होता. झाकणाला नाक लावणाऱ्या कुत्र्याचे सांधे वाचतात. रीत एकच. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की लक्ष्य कोणाच्या भल्यासाठी ठेवलंय? निव्वळ पदकासाठी दिवसभर तीच फळी चढायला लावली, तर खाऊ देऊनही आपण पीठगिरणीतच आहोत.

दुसरं एक. ब्रेलंड दांपत्याने १९६१ मध्ये स्वतःच लिहिलं की रॅकूनला नाणी डबीत टाकायला शिकवलं, तर तो ती टाकायचं सोडून एकमेकांवर चोळत बसतो. प्राण्याचा स्वभाव खाऊला पुरून उरतो! कुत्र्याची झेपही तशीच आहे. ती जात नाही, तिला काम द्यावं लागतं.

शेवटी झाकण काढायचं असतं, स्पर्धेत ते नसतंच. आपल्याकडे शाखाचंद्रन्याय आहे ना: चंद्र दाखवायला फांदी दाखवली, चंद्र दिसला की फांदीचं काम संपलं. जाणते शिक्षक झाकण कापून लहान करत नेतात, आणि एके दिवशी ते ठेवतच नाहीत. कुत्रा उतरतो, मागचे पाय फळीवर, पुढचे जमिनीवर, आणि रिकाम्या जागेला नाक लावून मालकाकडे बघतो.