अंगवात, पक्खहत आणि विनयपिटकातील औषधे

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील विहारांत वर्षावासाचे प्रवचन संपले, की उपासकांकडून आम्हांस एक प्रश्न हमखास येतो : अर्धांगवायूवर झाडपाल्याचे औषध भगवान बुद्धांनी सांगितले आहे काय? प्रश्नामागे बहुधा घरात अंथरुणास खिळलेले कोणी तरी असते. म्हणून उत्तर ग्रंथाच्या आधारेच द्यावयास हवे.

महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आयुष्मान पिलिन्दवच्छांच्या वातविकाराची हकीकत आहे. वैद्यांनी तेल कढविण्यास सांगितले. त्यात मद्य घालावे लागे. काही भिक्खूंनी ते इतके घातले, की त्यांना नशा चढली! तेव्हा मद्याचा रंग, गंध वा चव जाणवणार नाही एवढेच घालावे, असा नियम झाला. पुढे त्यांना अंगवात जडला, तेव्हा शेकाची अनुज्ञा मिळाली : पाल्याचा शेक, निखाऱ्यांच्या खड्ड्यावर वाळू व पाने पसरून घ्यावयाचा महास्वेद, ऊन पाण्याची द्रोणी.

अंगवात म्हणजेच अर्धांगवायू, असे पुष्कळ जण मानतात. आम्हांस ते मान्य नाही. एका बाजूने लुळ्या पडलेल्या मनुष्यास पालीत 'पक्खहत' हा स्वतंत्र शब्द आहे. प्रव्रज्या कोणास देऊ नये, त्या महावग्गातीलच यादीत तो येतो. भेसज्जक्खन्धकात मात्र पक्खहतासाठी एकही औषध नाही. पक्षाघातावर स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे ते चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, २८ व्या अध्यायात. ते बुद्धवचन म्हणून सांगू नये.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, हे त्या काळी ज्ञात नव्हते. कोणते घडले ते स्कॅनवाचून कळत नाही, आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नांदेड व लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे पोहोचण्याआधी लेप आणि कबुतराचे रक्त यांत हे तास जातात.

वनौषधी निरुपयोगीच, असेही आम्ही म्हणत नाही. चीनमध्ये सुमारे ३,८०० रुग्णांवर नेहमीच्या उपचारांसोबत 'तोंगशिनलुओ' देऊन पाहिले. हृदयविकाराच्या झटक्यात लाभ दिसला, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मेंदूतील रक्तस्रावाच्या १,६४१ रुग्णांवरील दुसऱ्या काढ्याचा मात्र लाभ दिसला नाही, असे २०२४ साली आढळले.

महावग्गाच्या चीवरक्खन्धकात शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. औषध सिद्ध करता येणे हा पहिला. रुग्णास काय मानवते व काय नाही हे जाणणे, हा त्यालगतचा.