कालुगा आणि ग्रहांवरील वस्तीची आस
पृथ्वी सोडून अन्य ग्रहांवर वस्ती करण्याच्या आकांक्षेला गणिताचा भक्कम आधार मिळाला तो रशियातील कालुगा शहरात, जेथे बालपणीच्या लोहितांग ज्वराने श्रवणशक्ती जवळजवळ गमावलेले कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्स्की शाळेत शिकवत असत. तरुणपणी मॉस्कोत ज्यांच्या ग्रंथालयात त्यांनी अध्ययन केले, ते निकोलाय फ्योदोरोव्ह विज्ञानाच्या बळावर सर्व मृत पूर्वजांना पुन्हा जिवंत करावे आणि त्यांच्या निवासासाठी इतर ग्रह वसवावेत असे मानत. ही मूलतः धार्मिक प्रेरणा अंतराळयुगाच्या इतिहासात अकारण उपेक्षित राहिली आहे. १९०३ मध्ये त्सिओल्कोव्स्कींनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन जाळणाऱ्या अग्निबाणाची, म्हणजे वायू मागे फेकून पुढे जाणाऱ्या यानाची, कल्पना मांडलेली आढळते.