खेळाडूचें मोल कशानें मोजावें?

खेळाडूची योग्यता आंकड्यांत सांगण्याची हौस मनुष्याला फार जुनी आहे. धांवा, बळी, गोल, सेकंद हीं सारीं त्या हौसेचींच अपत्यें होत. अलीकडे ती एका टोकाला जाऊन पोंचली आहे. फूटबॉलचा जो व्हिडिओ गेम आज घरोघरीं मुलें खेळतात, त्यांत प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या नांवापुढें ९९ पैकीं गुण मांडलेले असतात. वेग, फटका, पास, चेंडूवरील हुकमत, बचाव आणि शारीरिक बळ अशा सहा सदरांखालीं त्याची झडती होते व अखेर एकच आंकडा त्याच्या कपाळीं लागतो. जर्मनीचा मेसुत ओझिल हा आक्रमक मध्यरक्षक २०१४ सालच्या विश्वविजेत्या संघांत होता आणि मार्च २०२३ मध्यें त्यानें खेळांतून निवृत्ति घेतली. या गेमनें त्याला पासच्या सदरांत भरघोस गुण दिले व बचावाच्या सदरांत अगदींच तुटपुंजे. तेवढ्यानें तो कळला, असें मात्र कोणी म्हणणार नाहीं.

स्वतः गोल करण्यापेक्षां दुसऱ्याकडून तो करविणें ही ओझिलची खरी कला होती. २०१५-१६ च्या हंगामांत इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्यें आर्सेनल संघाकडून खेळतांना त्याच्या पासावर १९ गोल झाले. ही संख्या आपणांस ठाऊक आहे, याचें कारण एवढेंच कीं, गोलापूर्वींचा शेवटचा पास मोजून ठेवण्याची पद्धत त्या खेळांत पडून गेली आहे. आपल्या मातींतील एका खेळांत याच तोडीचें काम करणाऱ्याचें नांव गुणफलकावर येत नाहीं. तो खेळ म्हणजे खोखो.

खोखो खेळांत फिरला कित्येक पिढ्या, परंतु त्याला लेखी नियमांची चौकट मिळाली ती पुण्यास. डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं त्याचे नियम बांधले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं, त्यांत खोखोचाहि समावेश होता. अखिल भारतीय संघटना १९५५ मध्यें निघाली व १९५९-६० मध्यें विजयवाडा येथें पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुण्यास नियम ठरत होते, तेव्हां धाराशिवचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. जिल्ह्याला उस्मानाबाद हें नांव सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून मिळालेलें. १९४८ मध्यें तें राज्य संपलें, १९६० मध्यें हा भाग महाराष्ट्रांत आला आणि २०२३ मध्यें जिल्ह्याचें नांव अधिकृतपणें धाराशिव झालें. बालाघाटाच्या माथ्यावरील या अवर्षणग्रस्त प्रदेशांत खोखो रुजला, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. दोन खुंट, सारखी केलेली जमीन आणि चुन्याची रेघ एवढ्यावर हा खेळ उभा राहतो.

आतां त्याची मांडणी पहा. आठ गडी एका ओळींत आळीपाळीनें विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा पाठलाग करतो. धांवणाऱ्याला मधली ओळ ओलांडण्याची मुभा आहे. पाठलाग करणाऱ्याला ती नाहीं. शिवाय एकदां घेतलेली दिशा खुंटापर्यंत त्याला बदलतां येत नाहीं. म्हणून सावज पलीकडच्या बाजूस गेलें कीं त्यानें बसलेल्या गड्याला पाठीमागून खो द्यावयाचा आणि स्वतः त्याच्या जागीं बसावयाचें. खो क्षणभर लवकर पडला तर धांवणारा सावध होतो, क्षणभर उशीर झाला तर तो निसटतो. चार-पांच जणांनीं नेमक्या वेळीं खो देऊन धांवणाऱ्याला कोंडींत आणावें आणि सहाव्यानें हात लावावा, असेंच बहुधा घडतें. फलकावर मात्र बाद करणाऱ्याचें नांव येतें आणि धांवणारा किती मिनिटें टिकला तें येतें. त्या चार-पांच खोंची जमा कोठेंच होत नाहीं.

हें ध्यानांत ठेवून सारिका काळे यांची कारकीर्द पहावी. त्या धाराशिवच्या. १३ व्या वर्षीं त्यांची निवड महाराष्ट्राच्या संघांत झाली. २०१६ मध्यें गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतीय महिला संघानें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां त्या संघांत होत्या. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खोखोला तो मान २२ वर्षांनंतर मिळत होता. त्या वेळीं त्या तुळजापूर येथें शासनाच्या क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहात होत्या. कारकीर्दीचा हा भाग कोणत्याहि तक्त्यांत सहज मांडतां येईल.

उरलेला भाग त्यांनीं पुरस्काराच्या वेळीं स्वतःच जाहीरपणें सांगितला. जवळजवळ दहा वर्षें त्यांना दिवसांतून एकच वेळचें जेवण मिळत होतें. वडिलांना शारीरिक अडचणीमुळें फारसें कमावतां येत नसे, आई शिवणकाम करी आणि घर चाले तें आजोबा-आजींच्या कमाईवर. पोटभर व चांगलें खाणें मिळे तें शिबिरांत किंवा स्पर्धेला जातांना. २०१६ सालींच, म्हणजे सुवर्णपदकाच्याच वर्षीं, पैशाच्या विवंचनेनें खेळ सोडण्याचा निश्चय करून त्या खोलींत दार लावून बसल्या होत्या. ही हकीकत त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनीं सांगितलेली आहे. समजूत काढल्यावर त्या मैदानावर परतल्या. आजीचे कष्ट, आईची सुई, प्रशिक्षकानें त्या दिवसांत घातलेली समजूत, हे सारे त्या कारकीर्दींतील खोच म्हणावयाचे. अखेरचा हात खेळाडूचा लागला आणि नांव तिचें झालें, तें योग्यच झालें. परंतु पाठीमागचा एक खो जरी चुकला असता तरी तो हात पोंचला नसता.

आतां खोखोहि आंकड्यांच्या जगांत आला आहे. २०२२ पासून अल्टिमेट खोखो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तींत सूर मारून केलेल्या बादाला साध्या स्पर्शाहून अधिक गुण ठेवण्यांत आले. जानेवारी २०२५ मध्यें नवी दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या महिलांनीं नेपाळला ७८-४० असें हरविलें. त्या विजयी संघांत धाराशिवची अश्विनी शिंदे होती. उद्यां या मुलींचे चेहरेहि एखाद्या व्हिडिओ गेममध्यें दिसूं लागले व त्यांच्या नांवापुढें ९९ पैकीं गुण पडले, तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. गुणांनीं कीर्ति पसरते, कीर्तीनें पैसा येतो, आणि पैशाअभावींच तर ही मोठी खेळाडू खेळ सोडावयास निघाली होती.

मात्र आंकडा भरला जातो तो मैदानापर्यंत पोंचलेल्यांचाच. खोलीचें दार लावून बसलेली आणि समजूत घालणारें कोणी न मिळाल्यामुळें परत न आलेली मुलगी कोणत्याहि तक्त्यांत शून्य गुणांनींसुद्धां नोंदली जात नाहीं. एका वेळच्या जेवणावर दहा वर्षें काढून अर्जुन पुरस्कारापर्यंत पोंचणें हा पराक्रम खरा. पण तो करावा लागूं नये, हें पाहणें समाजाचें काम आहे. जिल्ह्याच्या खेळाची किंमत ठरवितांना पदकें अवश्य मोजावीं. त्याबरोबर किती मुलींना सरावानंतर पोटभर जेवण मिळालें, हीहि संख्या दरसाल मांडली जावी. ती मांडण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं, शाळेचें हजेरीपुस्तक पुरेसें आहे.