प्रारणदाब आणि उपग्रहाचे शीड

प्रारणदाब : प्रकाश किंवा रेडिओ लहरी पृष्ठावर पडल्याने निर्माण होणारा दाब. पृथ्वीजवळ एक चौरस मीटर काळ्या पृष्ठावर सूर्यप्रकाशाचा रेटा सुमारे 4.6 मायक्रोन्यूटन असतो. आरशावर जवळजवळ दुप्पट. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांना किंवा आर्वीच्या विक्रम भू-केंद्राच्या थाळीला तो जाणवत नाही. तेथे चिंता वाऱ्याची. आर्वीसारखी केंद्रे ज्या भूस्थिर उपग्रहांशी संपर्क ठेवतात, त्यांना मात्र तो सतत ढकलतो. भारतात बांधलेल्या इन्सॅट-2ए (1992) या उपग्रहाची सौरपाने फक्त दक्षिणेस होती. उत्तरेस हवामान-कॅमेऱ्याचा अवरक्त संवेदक थंड ठेवणारी यंत्रणा होती आणि तिला समोर मोकळे, थंड अवकाश हवे होते. एका बाजूच्या पानांवरील दाबाने उपग्रह कलू नये म्हणून उत्तरेस लांब दांड्याच्या टोकाशी शीड बसवले. तरफ लांब असल्याने लहान शिडाचा रेटाही पुरतो. प्रारणदाबाचा इतका देखणा उपयोग क्वचितच आढळतो. जपानच्या इकारोस या यानाने 2010 मध्ये सूर्यप्रकाशाच्याच रेट्याने अवकाशात वेग मिळवला. लेसरच्या प्रकाशबलाने सूक्ष्मकण पकडणाऱ्या प्रकाशचिमट्यासाठी आर्थर ॲश्किन यांना 2018 च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.