मोहफूल आणि सरकारी तिजोरी

ठाणे-पालघरच्या जंगलपट्टीतल्या वारली, कातकरी, कोकणा लोकांच्या रक्तातच दारू आहे, हे वाक्य आजही सहज बोलले जाते. इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. दारू तिथे जुनीच. पण तिने घरेच्या घरे कर्जात बुडवली ती सरकारने तिला उत्पन्नाचे साधन केल्यानंतर. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचून वाळवायची, भाजून किंवा शिजवून टंचाईच्या दिवसांत खायची आणि त्यातली काही दारूसाठी ठेवायची. फुले पाण्यात भिजवून आंबली की मडक्यात घालून चुलीवर चढवायची. नळीतून येणारी वाफ थंड केलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरते, तीच दारू. देवाला वाहायला, लग्नाला, मयताला ती लागे. पिऊन माणसे तेव्हाही बिघडत असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घरची दारू फुलांच्या साठ्याइतकीच निघे आणि तिच्यासाठी कुणाच्या वहीत नाव चढत नसे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे सगळे उलटे केले. घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू सरकारी देखरेखीच्या मोठ्या भट्ट्यांत गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकायची. ताडाच्या झाडांवरचा कर वाढवल्याने सौम्य ताडी महागली आणि गिऱ्हाईक कडक दारूकडे ढकलले गेले. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच कायद्याने बंधने घातली. म्हणजे चोरटी दारू थांबवायला गरिबाच्या ताटातले अन्न काढून घेतले. सरकारचे म्हणणे असे, की किंमत चढवली म्हणजे पिणे घटते. रोख पैशाने विकत घेणाऱ्याच्या बाबतीत हे पुष्कळसे खरे आहे. इथे मात्र दुकान उधारीवर चाले. बहुधा पारशी असलेला दुकानदारच अनेक ठिकाणी सावकार आणि जमीनदारही होता, आणि उधारी धान्याने, मजुरीने, शेवटी जमिनीने फिटे. चढलेल्या किमतीने पिणाऱ्याला अडवले नाही, त्याला गहाण टाकले. शहरातही हे दुखणे ओळखणारे होते: पुण्यात नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती.

रक्ताच्या गोष्टीला सर्वांत ठाम उत्तर आदिवासींनीच दिले. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातकडे एक देवी सरकत गेली. अंगात आलेल्यांच्या तोंडून ती सांगे: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, पारशी दुकानदाराची चाकरी करू नका. गावेच्या गावे दारूशिवाय राहिली. पुढे बरेच जण परत प्यायला लागले, म्हणून ही चळवळ वाया गेली असे म्हणतात. मला ते पटत नाही. कुणाच्या जबरदस्तीशिवाय एवढा समाज एकदम थांबतो, यातच पिण्याचे मूळ रक्तात नव्हते हे दिसते. दुकान, वही आणि मालक मात्र जागेवरच होते. स्वातंत्र्यानंतर सरकारचा हेतू पालटला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, पण त्यातही मोहफूल पुन्हा निर्बंधाखालीच गेले. वेचणाऱ्या बाईची टोपली तपासणाऱ्याच्या नजरेत संशयाचीच राहिली.